नमस्कार कोणी कोणाला घालायचा?

१७७९ साली मुंबईच्या इंग्रज कौन्सिलनं एक अजब हुकूम काढला. दैवज्ञ सोनारांनी एकमेकांना अभिवादन करताना 'नमस्कार' हा शब्द वापरायचा नाही. हुकूम इंग्रजांचा, पण मागणी पुण्याची. नमस्कार हा ब्राह्मणांनी आपसांत करायचा, इतरांनी त्याला हात लावायचा नाही, असा पेशवे दरबाराचा आग्रह होता. त्याच वर्षीच्या जानेवारीत वडगावला मराठ्यांनी कंपनीच्या फौजेला नाक घासायला लावलं होतं आणि पुढच्या लढाईची तयारी दोन्हीकडे चालू होती. एवढ्या धामधुमीतही सोनारांच्या नमस्काराची दखल घ्यायला दोन्ही सरकारांना सवड मिळाली.

आज ऑफिसच्या मेलची सुरुवात सर्रास 'नमस्कार'नं होते आणि ती लिहिणाऱ्याची जात कोणी विचारत नाही. संदेशाच्या पहिल्या शब्दापाशी मराठी समाज मात्र तेव्हाही अडला होता आणि अधूनमधून आताही अडतो. सभ्यतेचा इतिहास म्हणून जो काही आहे, तो बराचसा त्या पहिल्या शब्दाच्या भांडणांचा आहे.

पेशवाईतलं एखादं पत्र उघडून पाहावं. वर 'श्री'. मग ज्याला पत्र लिहायचं त्याच्या दर्जाप्रमाणे विशेषणं : 'अखंडितलक्ष्मीअलंकृत', 'राजमान्य राजश्री', विद्वान ब्राह्मण असेल तर 'वेदशास्त्रसंपन्न'. त्यानंतर लिहिणाऱ्याचं नाव आणि त्याचं अभिवादन. इथे खरी कसोटी. बरोबरीच्याला नमस्कार, ब्राह्मणानं इतरांना आशीर्वाद, इतरांनी ब्राह्मणाला दंडवत. गावच्या पाटलाला सरकारातून पत्र जायचं तेव्हा नमस्कारबिमस्कार काही नाही, थेट आज्ञा आणि शेवटी कोरडं 'जाणिजे'. महारांच्या वाट्याला 'जोहार' होता, आणि तो त्यांनी करायचा, त्यांना कोणी करायचा नाही. हे सगळं आटोपलं की 'येथील कुशल जाणून स्वकीय कुशल लिहीत जाणे', आणि मग एक शब्द : 'विशेष'. म्हणजे मान-मरातब झाले, आता कामाचं बोलू. कित्येक पत्रांत कामाची गोष्ट दोन ओळींची असते आणि तिच्याआधी चार ओळींची पायघडी.

हा सगळा कारभार कारकुनाच्या मर्जीवर नव्हता. यादवांचा प्रधान हेमाद्री, म्हणजे आपला हेमाडपंत, याच्या नावावर 'मेस्तक' नावाचं टिपण सांगितलं जातं. हिशेब कसा मांडावा, कोणाला कोणता मायना लिहावा, याचे नियम त्यात आहेत. चिटणिशी शिकणाऱ्या पोराला अक्षराइतकाच मायना घोटावा लागे. मायना चुकला तर अपमान झाला असं समजत, आणि अपमानाची किंमत त्या काळी मोठी असे.

वाईट बातमीची रीत आणखी वेगळी. पानिपतचा निकाल नानासाहेब पेशव्यांना कळला तो एका सावकारी पत्रातून, अशी हकीकत सांगितली जाते. त्यात ना भाऊसाहेबांचं नाव, ना विश्वासरावांचं. दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा गेल्या, रुपये आणि तांब्याची तर गणतीच नाही, अशा व्यापारी भाषेत सगळा सत्यानाश सांगितला होता. मृत्यूचं नाव थेट घ्यायचं नाही ही रीत पुढेही टिकली. पोस्टाचं कार्ड आलं आणि त्याचा एक कोपरा फाडलेला दिसला की घरात रडारड सुरू व्हायची, मजकूर नंतर वाचायचा. अशा कार्डावर 'श्री' नसायचा. ते घरात ठेवतही नसत, वाचून फाडून टाकत.

पोस्टकार्ड हिंदुस्थानात आलं १ जुलै १८७९ रोजी, किंमत पाव आणा, म्हणजे एक पैसा. तळहाताएवढी जागा, त्यात सगळ्या घरादाराची खुशाली बसवायची. आद्याक्षरांची मोडीपासूनची सवय इथे कामाला आली. 'सा. न. वि. वि.' म्हणजे साष्टांग नमस्कार विनंती विशेष, 'शि. सा. न.', 'अ. उ. आ.', 'ता. क.' हा त्याचाच परिवार. पेशवाईतला तो 'विशेष' शेवटच्या 'वि.'मध्ये लपून पुढे चालू राहिला. जागा कमी झाली म्हणून नात्यांची वर्गवारी सुटली नाही. सख्ख्या आईवडिलांना 'तीर्थरूप', काकांना किंवा सासऱ्यांना 'तीर्थस्वरूप', लहानांना 'चि.', लग्न ठरलेल्या मुलीला 'चि. सौ. कां.'. पत्ता लिहितानाही 'रा. रा.' गाळलं तर पाहुणा उगीच रुसायचा. बाईच्या नावाआधी 'सौ.' की 'गं. भा.' यावरून पोस्टमनलासुद्धा तिचा नवरा हयात आहे की नाही ते कळायचं. आदराच्या नावाखाली ही केवढी उघडी पाटी होती, हे त्या काळी फारसं कोणाला खटकलं नाही. २०२३ च्या एप्रिलमध्ये राज्याच्या महिला व बालविकास मंत्र्यांनी सरकारी कागदांत 'विधवा'ऐवजी 'गंगा भागीरथी' वापरण्याचा प्रस्ताव पुढे केला, तेव्हा मात्र इतका गदारोळ झाला की तो केवळ चर्चेसाठी होता असा खुलासा करावा लागला.

तारेत शब्दाला पैसे पडत, म्हणून तिथे मायना पार उडाला. शुभेच्छांचीसुद्धा तार खात्यानं क्रमवारी लावून ठेवली होती. फॉर्मवर १ लिहिलं की पलीकडे दिवाळीच्या शुभेच्छा इंग्रजीत छापून जात. मांडवात अशा तारा वाचून दाखवण्याचा मान एखाद्या इंग्रजी येणाऱ्या मामाकडे असे. ही सेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली.

मग टेलिफोन. मुंबईत एक्स्चेंज सुरू झालं १८८२ च्या जानेवारीत, कलकत्ता आणि मद्रासबरोबर. फोन उचलल्यावर म्हणायचं काय, हा प्रश्न तिकडे अमेरिकेत आधीच उपटला होता. ग्रॅहॅम बेलला खलाशांचा 'अहॉय' हवा होता; एडिसननं १८७७ च्या एका पत्रात 'हॅलो' सुचवलं आणि तेच चाललं. इथल्या समाजात त्या शब्दानं नकळत एक मोठी उलथापालथ केली. पलीकडे कलेक्टर आहे की कोळसेवाला, वडील आहेत की भाचा, ब्राह्मण की सोनार, हे ठरवण्याआधीच बोलणं सुरू झालं. ज्या समाजाची अभिवादनं अख्खी उतरंड सांगत, त्याला असा कोरा शब्द मिळाला हे बरंच झालं म्हणायचं. 'कोण बोलतंय?' हा पुढचा प्रश्न जरा उद्धट वाटायचा, पण त्याशिवाय 'अहो' म्हणायचं की 'अरे' हे कळणार कसं?

फोन मात्र कित्येक वर्षं फार थोड्या घरांत होता. कनेक्शनसाठी नंबर लावून लोक वर्षानुवर्षं थांबत. तोवर चाळीत ज्याच्याकडे फोन, तो सगळ्यांचा. लग्नपत्रिकेवर, व्हिजिटिंग कार्डावर नंबर छापून पुढे कंसात 'पी. पी.' लिहायचं, की समजायचं नंबर शेजाऱ्यांचा आहे. त्याची स्वतःची एक आचारसंहिता होती, कुठेही न लिहिलेली. दुपारी एक ते चार फोन करायचा नाही, जेवणाच्या वेळी नाही, रात्री तर कोणी गेल्याशिवाय नाहीच. आधी फोनमालकिणीची ख्यालीखुशाली, मग 'जरा शेजारच्या कुलकर्ण्यांना बोलावता का? दहा मिनिटांनी परत करते'. तिकडून कुलकर्णी बनियनवर शर्ट चढवत यायचे, खुर्चीच्या कडेवर बसायचे आणि सगळ्या घरादाराच्या देखत मुलीच्या स्थळाबद्दल 'हो', 'नाही', 'बघू', 'पत्रानं कळवतो' एवढंच बोलायचे. परगावचा ट्रंककॉल असला तर त्यात ओरडणं आलं. ऑर्डिनरी, अर्जंट आणि लाइटनिंग असे त्याचे चढत्या भावाचे प्रकार. तीन मिनिटं संपली की ऑपरेटर मध्येच बोलायची, आणि त्या घाईत कोणाला उद्धट वाटल्याचा राग यायचा नाही. ऐंशीच्या दशकाअखेरीपासून पिवळ्या पाट्यांचे एसटीडी बूथ गावोगावी झाले. रात्री दर उतरले की तिथे रांगा लागायच्या, आणि मागच्यानं पुढच्याचं बोलणं ऐकू येत नसल्याचा चेहरा करणं हा तिथला शिष्टाचार.

मोबाइल आला तेव्हा, १९९५ पासून पुढची काही वर्षं, येणाऱ्या कॉललाही पैसे पडत. म्हणून कोणाच्या मोबाइलवर फोन करणं म्हणजे त्याच्या खिशात हात घालणं. 'लँडलाइनवर करू का?' हे विचारणं सभ्यपणाचं होतं आणि मिस्ड कॉल देणं काटकसरीचं. २००३ मध्ये इनकमिंग फुकट झालं, तशी ती लाजही गेली.

'हॅलो'ची कोरी जागा मात्र रिकामी राहिली नाही. फोनवर लोक आपापली ओळख सांगू लागले. 'जय भीम' या अभिवादनाचं श्रेय कामठीच्या बाबू हरदासांना दिलं जातं. जोहाराच्या जागी ते आलं आणि ज्यांना कधी कोणी जोहार केला नव्हता, ते आता बरोबरीनं एकमेकांना 'जय भीम' म्हणत. शिवसैनिकांच्या फोनवर 'जय महाराष्ट्र', वारकऱ्यांच्या फोनवर 'राम कृष्ण हरी' किंवा 'माउली'. शेवटी सरकारही उतरलं. २०२२ च्या गांधी जयंतीच्या तोंडावर राज्य सरकारनं शासन निर्णय काढून कर्मचाऱ्यांना फोनवर 'हॅलो'ऐवजी 'वंदे मातरम्' म्हणण्याचं आवाहन केलं. हॅलो हे पाश्चात्त्यांचं अनुकरण, त्याला काही अर्थ नाही, असं त्याचं कारण दिलं होतं. अर्थ नाही हाच त्या शब्दाचा मोठेपणा होता, हे शासन निर्णयात कसं मावणार?

ई-मेलच्या वाटेत आधी लिपीच आडवी आली. १९९५ च्या १५ ऑगस्टला देशात इंटरनेट सर्वांसाठी खुलं झालं, पण एका फॉन्टमध्ये टाइप केलेली मराठी दुसऱ्याच्या संगणकावर चौकोन आणि टिंबं होऊन उघडायची. त्यामुळे परदेशातला मुलगा आईला रोमन अक्षरांत 'तीर्थरूप' लिहायचा, नाहीतर सरळ इंग्रजीत. युनिकोडनं ही अडचण मिटेपर्यंत हाताला इंग्रजी वळण लागलं होतं. म्हणून मराठी मेलमध्ये आज 'साष्टांग' क्वचित दिसतो. दिसतं ते 'नमस्कार' किंवा 'महोदय', आणि बोलताना कुरियरवाल्यापासून कुलगुरूंपर्यंत सगळेच 'सर'. दहावीच्या पत्रलेखनाचा नमुनाही मेलच्या धर्तीवर आला आहे. सगळं डाव्या समासाला चिकटून, आणि पत्त्याखाली ई-मेलचा पत्ता.

उतरंड मोडली असं मात्र कोणी समजू नये. ती मायन्यातून खाली उतरून 'प्रत'च्या यादीत जाऊन बसली. मंत्रालयातला कोणताही आदेश बघावा, कागदी असो की मेलनं आलेला. मजकूर अर्ध्या पानात संपतो आणि मग यादी सुरू होते : मा. राज्यपालांचे सचिव, मा. मुख्यमंत्र्यांचे प्रधान सचिव, मग मंत्री, मग खाती, मग जिल्हे. कोणाला 'मा.' लावायचं, कोण वर, कोण खाली, यावर मसुदा पुन्हा मागे येऊ शकतो. तळाला, फाइलला लावायच्या प्रतीसाठी, कोणाचाच मान दुखावणार नाही अशी एक नोंद असते : निवड नस्ती.