घराखालची मडकी

घोड नदीकाठच्या इनामगावी १९६८ पासून डेक्कन कॉलेजची मंडळी हंगामामागून हंगाम खणीत होती. खणणे म्हणजे कुदळ चालविणे, असे आपले आम्हां मास्तरांना वाटते! सुतळी ताणून चौकोन आखायचे, थराथराने माती खरवडायची, खापर निघाले की खोली मापायची, ते धुवायचे, त्यावर क्रमांक घालायचा. दिवस यातच जाई. मग एखाद्या घराच्या जमिनीखाली तोंडाला तोंड लावून आडवी ठेवलेली दोन मडकी दिसत. तेथे कुदळ दूर. सुरी आणि कुंचला. आत तान्ह्या लेकराची हाडे! तीन हजार वर्षांमागे घरच्यांनी ते गावाबाहेर नेले नाही, घरातच जवळ ठेवले. मोठ्यांची पावले मात्र पुरताना घोट्यापाशी तोडीत. गेलेल्याने उठून दूर जाऊ नये म्हणून, असा एक तर्क. मोजमाप, चित्र, छायाचित्र झाल्याखेरीज मडक्याला हात लावायचा नाही. तोवर माध्यान्ह टळून जाई.