व्हिटबीचे बंदर आणि ‘ड्रॅक्युला’

इंग्लंडच्या यॉर्कशायर किनाऱ्यावरील व्हिटबी येथे १८८५ मध्ये ‘दिमित्री’ हे रशियन गलबत वादळात किनाऱ्याला लागून फुटले, आणि १८९० च्या उन्हाळ्यात तेथे मुक्कामास आलेले आयरिश लेखक ब्रॅम स्टोकर यांनी त्याची माहिती टिपून ठेवली. १८९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ड्रॅक्युला’ या कादंबरीत ते ‘डिमीटर’ नावाने अवतरते: मृत कप्तानाचे हात सुकाणूच्या चाकाला बांधलेले आढळतात आणि एकेक खलाशी कसा नाहीसा झाला, हे जहाजाच्या नोंदींतून उलगडते. रोजनिश्या, पत्रे, तारा व वृत्तपत्रांतील कात्रणे यांतून कथा रचण्याची ही पत्ररूप पद्धत कादंबरीचे खरे बळ होय, कारण प्रत्येक निवेदकाला अर्धेच ठाऊक असते आणि धोक्याची चाहूल वाचकाला आधी लागते. मात्र सारे काही कोणीतरी लिहून ठेवलेच पाहिजे या बंधनामुळे मधला भाग रेंगाळतो, पिशाच्चाचा माग काढणाऱ्या प्राध्यापक व्हॅन हेल्सिंग यांची भाषणे लांबतात, पहिल्या चार प्रकरणांनंतर ते पिशाच्च, म्हणजे ड्रॅक्युला, बहुतांशी पडद्याआड राहतो आणि त्याचा अंत मोजक्या ओळींत उरकला जातो. तरीही खऱ्या बंदराच्या तपशिलावर उभारलेले भय आजही टिकून आहे, हे या कादंबरीचे निर्विवाद यश मानावे लागते.