किर्लोस्करवाडीचीं माणसें

कारखान्यास यंत्रें आणि कोळसा पैसे मोजल्यास मिळतात. माणूस तसा मिळत नाहीं. ही अडचण १९१० सालीं लक्ष्मणराव किर्लोस्करांपुढें उभी राहिली. नगरपालिकेच्या निर्बंधांमुळें बेळगांवचा कारखाना हलविणें भाग पडलें होतें. औंधच्या पंतप्रतिनिधींनीं कुंडलरोड स्टेशनाजवळची ३२ एकर जागा दिली व १०,००० रुपये कर्जाऊ दिले. जागा म्हणजे निवडुंगाचा आणि सापांचा माळ. शिकलेला एंजिनिअर तेथें कशास येईल?

लक्ष्मणरावांनीं माणूस निवडतांना प्रशस्तिपत्रक पाहिलें नाहीं, हात पाहिले. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें शिकवीत असतां केवळ हिंदी म्हणून त्यांची स्वतःची बढती हुकली होती, आणि ते तेथून बाहेर पडले होते. गुणी माणूस डावलल्यानें संस्थेचेंच काय नुकसान होतें, हें त्यांना कोणी सांगावयास नको होतें. शाळा अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर वाडीचे कल्पक एंजिनिअर झाले. गांवांत भांडखोर गणले गेलेले के. के. कुलकर्णी व्यवस्थापक झाले, कायद्याचीं कामें पाहूं लागले आणि कारखान्याच्या वतीनें परगांवीं बोलणीं करूं लागले. भांडखोरपणाला योग्य जागा सांपडली, एवढेंच!

सर्वांत धाडसाचें पाऊल राखणदारांचें. तुकाराम रामोशी व पिऱ्या मांग हे दरोड्याच्या गुन्ह्यांत शिक्षा झालेले. ब्रिटिश सरकारनें १८७१ च्या कायद्यानें जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरविण्याची सोय केली होती. हा कलंक १९५२ पर्यंत कायद्यांत राहिला. अशा काळांत लक्ष्मणरावांनीं या दोघांच्या हातीं वाडीची राखण सोंपविली. हें निव्वळ औदार्य नव्हे. गांवची राखण हें रामोश्यांचें पूर्वापारचें काम. शिवाय चोराच्या वाटा ज्याला ठाऊक, त्याहून चांगला पहारेकरी कोठें मिळणार? दोघेही विश्वासू रखवालदार ठरले.

वाडींत अस्पृश्यता पाळण्यास मनाई होती. त्यांतही व्यवहार होता. ओतशाळेंत वितळलेलें लोखंड सांच्यांत पडतें, तेव्हां चौघांचे हात एकाच वेळीं चालावे लागतात. तेथें विटाळाचा विचार करीत बसल्यास ओतकाम बिघडतें. कुंपणाबाहेरची जात अर्थात् तेवढ्यानें गेली नाहीं.

लोखंडी फाळानें जमीन विषारी होते, या समजुतीमुळें बेळगांवीं बनविलेले पहिले नांगर दोन वर्षें पडून होते. वाडीच्या या माणसांच्या हातचा नांगर मात्र पुढें शेतोशेतीं गेला. १९२० सालीं किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी नोंदली गेली, आणि १९२६ सालीं तेथें पंपही तयार झाले.