आभासी चलनातील गुंतवणूक आणि इतिहासाची चिकित्सापद्धती

प्रस्तावना :

इतिहासलेखनात कोणतेही साधन स्वीकारण्यापूर्वी त्याची बाह्य व अंतर्गत अशी दुहेरी चिकित्सा केली जाते. साधन कोणी, केव्हा व कोणत्या हेतूने निर्माण केले, हे बाह्य चिकित्सेत पाहिले जाते. तर त्यातील मजकूर कितपत विश्वसनीय आहे, हे अंतर्गत चिकित्सेत तपासले जाते. आभासी चलनाच्या गुंतवणूकदारासमोरही प्रथम श्वेतपत्रिका किंवा माहितीपत्रक अशा स्वरूपाचा दस्तऐवजच येतो. ही चिकित्सा त्यास कितपत उपयुक्त ठरते, याचा विचार प्रस्तुत लेखात तीन उदाहरणांच्या आधारे केला आहे.

बिटकॉइन : अज्ञात लेखक, तपासता येणारा दावा

३१ ऑक्टोबर २००८ रोजी सातोशी नाकामोतो या नावाने बिटकॉइनची नऊ पानांची श्वेतपत्रिका प्रसिद्ध झाली. हे टोपणनाव कोणाचे, हे अद्याप निर्विवादपणे सिद्ध झालेले नाही. त्यामुळे बाह्य चिकित्सेत हे साधन दुबळे ठरते. मात्र जानेवारी २००९ पासूनच्या प्रत्येक व्यवहाराची नोंद खुल्या खातेवहीत आहे. एकूण नाणी २ कोटी १० लाखांहून अधिक होणार नाहीत, हा नियमही आज्ञावलीत कोणासही पाहता येतो. लेखक अज्ञात असला तरी त्याचा दावा पडताळता येतो.

गेनबिटकॉइन : परिचित चेहरे, विसंगत दावा

२०१५ मध्ये सुरू झालेल्या गेनबिटकॉइन योजनेची स्थिती याउलट होती. प्रवर्तक उघडपणे वावरत होते. गुंतविलेल्या बिटकॉइनवर १८ महिने दरमहा १० टक्के परतावा, म्हणजे एका नाण्याची १.८ नाणी, असे आश्वासन दिले गेले. हे उत्पन्न 'मायनिंग'मधून येईल असे सांगण्यात आले. परंतु मायनिंगची काठिण्यपातळी सुमारे दर दोन आठवड्यांनी बदलते आणि जुलै २०१६ मध्ये प्रत्येक ब्लॉकमागील मोबदला २५ वरून १२.५ नाण्यांवर येणार, हेही आज्ञावलीनुसार आधीच ठरलेले होते. अशा व्यवसायात स्थिर मासिक परताव्याची हमी देणे अशक्यप्राय होते. ही विसंगती ओळखण्यासाठी लागणारी माहिती प्रारंभापासूनच खुली होती. तरीही लोकांनी कष्टाची पुंजी गुंतविली. एप्रिल २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी मुख्य प्रवर्तकास अटक केली.

एफटीएक्स : प्रतिष्ठा आणि ताळेबंद

बहामास येथून चालणाऱ्या एफटीएक्स या विनिमय केंद्रामागे नामवंत गुंतवणूक संस्था उभ्या होत्या. २ नोव्हेंबर २०२२ रोजी त्याच्या भगिनी संस्थेच्या ताळेबंदाचा तपशील प्रसिद्ध झाला. तिच्या मालमत्तेचा मोठा भाग एफटीएक्सनेच काढलेल्या एफटीटी या टोकनचा होता. साधनाने स्वतःच स्वतःची साक्ष द्यावी, तसाच हा प्रकार होय. ११ नोव्हेंबरला एफटीएक्सने दिवाळखोरीचा अर्ज केला. ग्राहकांचा पैसा भगिनी संस्थेकडे वळविल्याचे पुढे न्यायालयात सिद्ध झाले आणि मार्च २०२४ मध्ये संस्थापकास २५ वर्षांची शिक्षा झाली.

निष्कर्ष :

या उदाहरणांवरून असे दिसते की, प्रवर्तकाची ओळख किंवा प्रतिष्ठा हा विश्वासार्हतेचा पुरेसा पुरावा नव्हे. परतावा नेमका कोठून येतो, तो दावा स्वतंत्र साधनाने पडताळता येतो काय आणि ठेव कोणाच्या ताब्यात राहते, हे प्रश्न गुंतवणुकीपूर्वीच विचारले पाहिजेत. या चिकित्सेलाही मर्यादा आहे. खातेवही खरी असली म्हणून किंमत टिकतेच असे नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये सुमारे ६९ हजार डॉलरवर गेलेला बिटकॉइन वर्षभरात १६ हजारांच्या खाली आला. भारतात २०२२ च्या वित्त कायद्याने अशा नफ्यावर ३० टक्के कर लावला, तोट्याची वजावट मात्र नाकारली. करआकारणी म्हणजे शासनमान्यता नव्हे, हेही लक्षात घेणे आवश्यक आहे. चिकित्सा भविष्य सांगत नाही. परंतु ज्या दाव्याला पुरावाच नाही, तो वेळीच नाकारण्याची दृष्टी ती निश्चितच देते.