हिमनदीचे धर्मगुरू

ऑस्ट्रियाच्या टिरोल प्रांतात ओट्झटाल नावाचे एक लांबलचक खोरे आहे. इन नदीच्या काठापासून दक्षिणेकडे चढत गेलेला त्याचा रस्ता त्स्वीझलश्टाइन या वस्तीपाशी दुभंगतो. एक फाटा गुर्गलकडे वळतो, दुसरा अरुंद दरीतून वर वर जात फेन्ट या गावी पोहोचतो आणि जवळपास तेथेच संपतो. पुढे केवळ पायवाटा, कुरणे आणि हिमनद्या. गावाची उंची सुमारे १९०० मीटर. आपले कळसूबाईचे शिखर १६४६ मीटर आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे फेन्टचे शेतकरी कोठे संसार थाटून बसले आहेत याची कल्पना येईल. गावापलीकडील रोफेनची घरे तर २००० मीटरांच्याही वर आहेत.

रोम येथे शिकत असताना उन्हाळ्याच्या सुट्टीत टिरोलमधील एका धर्मग्रामात बदली धर्मगुरू म्हणून सेवा करण्याची संधी आम्हांस मिळाली होती. आमच्यासारखे कितीतरी भारतीय धर्मगुरू अशा सेवेस जातात. त्या वेळी दोन दिवस फेन्ट पाहिले. संत याकोबाच्या मंदिराचा उंच निमुळता मनोरा, त्याभोवती मोजकी घरे, आणि पाठीवर पिशव्या, हाती काठ्या घेऊन पहाटेच निघालेले पदभ्रमणकार. ते सारे दृश्य इतके शांत होते की ही शांतता अनादि काळापासून अशीच असावी, असे आम्ही गृहीत धरून चाललो होतो. आमची ती समजूत साफ चुकीची होती, हे पुढे वाचनातून उमगले.

ही शांतता पूर्वी दारिद्र्याची होती, आणि भयाचीही. रोफेनच्या वर फेर्नाग्ट नावाची हिमनदी आहे. काही शतकांच्या काळात ती अनेकदा अकस्मात पुढे सरकली, दरीच्या तळाशी येऊन तिने ओढा अडवला, आणि बर्फाच्या त्या बांधामागे तळे साचले. बांध फुटला की ओट्झटालमधील शेते व पूल वाहून जात. १६००, १६७८ आणि १८४५ या वर्षांतील प्रलयांच्या नोंदी आहेत. उरलेल्या काळात लोक बर्फ वितळण्याची वाट पाहत, गवत कापत आणि मेंढ्या राखत. पोराबाळांना खायला पुरेसे नसे, म्हणून तरुण खोरे सोडून जात.

याच खोऱ्यात, लेंगेनफेल्डजवळ, १९ मार्च १८३१ रोजी फ्रान्झ सेन यांचा जन्म झाला. (आडनावावरून वाचकांनी बंगालकडे पाहू नये; सेन हे टिरोलमधीलच नाव आहे.) १८५६ साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली आणि १८६० साली फेन्टच्या सेवेवर त्यांची नेमणूक झाली. असे गाव तरुण धर्मगुरूच्या वाट्याला आले की बहुधा तो बदलीचे दिवस मोजत बसतो. आम्हीही एकेकाळी तसे दिवस मोजले आहेत, ते लपवण्यात अर्थ नाही. सेन यांनी मात्र निराळेच काही मोजले. इंग्रज व जर्मन प्रवासी आल्प्सच्या इतर भागांत जात होते, वाटाड्यांना मजुरी देत होते, रात्रीच्या मुक्कामाचे पैसे मोजत होते. हे प्रवासी आपल्या दरीत आले, तर गावची मुले गावातच राहतील, असा त्यांचा हिशेब होता.

परंतु प्रवाशाने यावे कोठे? फेन्टमध्ये त्याला उतरायला जागा नव्हती. तेव्हा सेन यांनी धर्मगुरुनिवासच वाढवून तेथे पाहुण्यांची सोय केली. खिंडी ओलांडून जाणाऱ्या वाटा बांधण्याचे काम हाती घेतले. गावातील शेतकऱ्यांना वाटाडे म्हणून तयार केले. दोर कसा बांधावा, प्रवाशाशी कसे वागावे, मोबदला किती घ्यावा, यांस काही नियम असावेत असा त्यांचा आग्रह होता. ते स्वतःही चढत. १८६५ साली ३५०० मीटरांहून उंच असलेल्या फिनाइलश्पित्स शिखरावर प्रथम पाऊल ठेवणाऱ्यांत ते होते. त्यांच्याबरोबर सिप्रियान ग्रानबिखलर हा त्यांचा विश्वासू वाटाड्या होता. लोक सेन यांना 'हिमनदीचे धर्मगुरू' म्हणू लागले.

या सर्वांस पैसा लागला, आणि तो सेन यांच्यापाशी नव्हता. त्यांनी कर्ज काढले. वाटेची दुरुस्ती हे असे काम आहे की ते एकदा करून संपत नाही. प्रत्येक हिवाळ्यातील हिमकडे नि दगड ती पुन्हा मोडून टाकतात. धर्मग्रामाच्या जमाखर्चाची वही ज्याने रात्री उशिरापर्यंत उघडी ठेवून पाहिली आहे, त्यास सेन यांची अवस्था फोड करून सांगावी लागणार नाही.

त्याहून मोठा हिशेब १८६८ च्या नोव्हेंबरात चुकता झाला. सेन आणि ग्रानबिखलर दक्षिणेकडून होखयोख ही खिंड ओलांडून फेन्टला परत येत असताना हिमवादळात सापडले. सेन वाचले, सिप्रियान वाचला नाही. जो माणूस डोंगराची प्रत्येक घडी जाणत होता, ज्याच्या भरवशावर परके लोक शिखरावर जात, तो आपल्याच गावाच्या वाटेवर गेला. त्या रात्री सेन यांच्या मनात काय चालले असेल, याविषयी आम्ही काही लिहिणार नाही. एवढे खरे की त्यानंतर त्यांनी काम थांबवले नाही.

सहा महिन्यांनी, ९ मे १८६९ रोजी, म्यूनिक येथे जर्मन अल्पाइन संघ स्थापन झाला. व्हिएन्नातील ऑस्ट्रियन संघ १८६२ पासून अस्तित्वात होता. पण त्याचा भर लेख आणि ग्रंथ यांवर अधिक, असे सेन यांना वाटे. त्यांना प्रत्यक्ष डोंगरात निवारे, वाटा व प्रशिक्षित वाटाडे हवे होते. या कामी प्रागचे व्यापारी योहान श्ट्यूडल, म्यूनिकचा तरुण विद्यार्थी कार्ल हॉफमन आणि ग्रंथविक्रेते थिओडोर ट्राउटवाइन त्यांच्या सोबत होते. हॉफमन पुढच्याच वर्षी फ्रान्सविरुद्धच्या युद्धात मारला गेला. १८७३ साली जर्मन आणि ऑस्ट्रियन संघ एक झाले. आज आल्प्समध्ये जागोजाग दिसणारे निवारे आणि खडकावर रंगवलेल्या वाटांच्या खुणा यांत या संघांचा वाटा फार मोठा आहे.

याच संघाने पुढे, १९२४ साली, ज्यू सभासदांचा भरणा असलेली 'डोनाउलांड' ही शाखा बाहेर काढली, हेही इतिहास लिहिताना गाळता येत नाही. ज्या धर्मगुरूने परक्यांसाठी स्वतःच्या घराचे दार उघडले, त्याने रोवलेल्या झाडाला हे फळ यावे, याचे आम्हांस वाचताना फार वाईट वाटले. तेव्हा सेन यांच्या मृत्यूला चाळीस वर्षे झाली होती.

संघ वाढत होता, सेन मात्र कर्जात रुतलेलेच होते. १८७२ साली त्यांनी फेन्ट सोडले आणि ते नाउडर्स येथे गेले. १८८१ साली श्टुबाय खोऱ्यातील नॉयश्टिफ्ट येथे. तेथेच ३१ जानेवारी १८८४ रोजी, वयाच्या ५२ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. आमचे वय आज त्याहून थोडे अधिक आहे. पुढच्याच वर्षी श्टुबायच्या डोंगरात एक निवारा उभा राहिला आणि त्यास 'फ्रान्झ सेन' हे नाव देण्यात आले. तो आजही गिर्यारोहकांनी गजबजलेला असतो.

सेन यांची अपेक्षा खरी ठरली, किंबहुना फारच खरी ठरली. त्याच नगरपालिकेतील ज़ोल्डन येथे आज बर्फावरील खेळांचा अवाढव्य पसारा आहे. तेथील वर्षभराचे मुक्काम वीस लाखांहून अधिक भरतात. फेन्टच्या वाट्याला यातील अगदी थोडे आले. ऑस्ट्रियन अल्पाइन संघाने ज्या छोट्या वस्त्यांना 'गिर्यारोहकांची गावे' म्हणून गौरविले, त्यांत फेन्ट आहे. म्हणजे आम्ही जी शांतता पाहिली, ती मूळची राहिलेली नव्हती. एका टप्प्यावर 'एवढे पुरे' असे म्हटल्यामुळे ती टिकली होती. सेन आज असते, तर ते ज़ोल्डनच्या बाजूने बोलले असते की फेन्टच्या? प्रामाणिकपणे सांगावयाचे तर, ज्याला उपाशी माणसे दिसत होती तो आमच्याइतका शांततेवर भाळला नसता, असे आम्हांस वाटते.

सेन यांच्याही फार पूर्वीची एक वाट येथे आहे. दर जूनमध्ये दक्षिणेकडील श्नाल्स खोऱ्यातील मेंढपाळ हजारो मेंढ्या घेऊन बर्फाळ खिंडी ओलांडतात व फेन्टच्या वरच्या कुरणांवर येतात, सप्टेंबरात परततात. पहिल्या महायुद्धानंतर या कड्यावरून ऑस्ट्रिया व इटली यांची सीमा आखली गेली, तरी चराईचे हक्क तसेच राहिले. १९ सप्टेंबर १९९१ रोजी याच कड्याजवळ, ३२१० मीटर उंचीवर, दोन पदभ्रमणकारांना बर्फातून डोके वर काढलेला एक मृतदेह दिसला. तो सुमारे ५३०० वर्षांपूर्वीचा निघाला. जग त्यास ओट्झी म्हणते. वाट शोधीत या खिंडीत आलेला आणि परत न गेलेला सिप्रियान हा काही पहिला नव्हता.

ओट्झी वर आला, कारण बर्फ वितळत आहे. शेजारच्या हिंटरआइस हिमनदीच्या वाढ-घटीचे मोजमाप १९५२ पासून सलग चालू आहे आणि ती वर्षानुवर्षे आक्रसत चालली आहे. एकेकाळी दरी अडवून गावांना धडकी भरवणारी फेर्नाग्ट आता उंचावर, आपल्याच राखाडी दगडांच्या ढिगाऱ्यामागे मागे सरली आहे. आम्ही रोफेनहून थोडे वर चढून तिच्याकडे पाहिले होते. आमच्या सोबत असलेल्या स्थानिक वृद्ध गृहस्थांनी काठीने समोरच्या उघड्या खडकाकडे बोट केले आणि म्हणाले, "फादर, मी लहान होतो तेव्हा बर्फ तेथपर्यंत होते." त्यांनी काठी दाखवलेली जागा आम्हांस बराच वेळ सापडेना, हिमनदीच्या टोकाच्या आसपास आम्ही शोधत होतो, आणि ते कितीतरी खाली दाखवत होते.