सव्वीस अक्षरी क्रमांक

१४ ऑगस्ट २००७ रोजी नोकिया कंपनीने एक निवेदन काढले. बीएल-५सी या जातीच्या तिच्या ४ कोटी ६० लाख बॅटऱ्या चार्ज होताना अतिशय तापण्याची शक्यता होती. जपानच्या मात्सुशिता कंपनीने डिसेंबर २००५ ते नोव्हेंबर २००६ या काळात त्या बनवल्या होत्या. जगभरात अशा सुमारे १०० घटना नोंदल्या गेल्या होत्या. गंभीर इजा कोणालाच झाली नव्हती. सदोष बॅटरी फुकट बदलून मिळणार होती. तरीही भारतात सेवाकेंद्रांवर गर्दी उसळली आणि लोक वैतागले. असे का व्हावे? उत्तरासाठी आधी बॅटरीच्या पोटात डोकावू.

लिथियम-आयन घट बाजारात प्रथम आणला तो सोनी कंपनीने, १९९१ साली. त्याच्या एका अग्रावर ग्रॅफाइट, दुसऱ्यावर लिथियम-कोबाल्ट ऑक्साइड, आणि दोहोंमध्ये केसाहूनही पातळ असा प्लास्टिकचा सच्छिद्र पडदा. लिथियमचे आयन या पडद्यातून ये-जा करतात. घटाचा दाब सुमारे ३.७ व्होल्ट. एवढ्या दाबाला पाण्याचे विघटन होते, म्हणून आतला द्रव पाण्याऐवजी सेंद्रिय द्रावकाचा असतो, आणि तो ज्वालाग्राही असतो. पडदा कोठे फाटला तर आतल्या आत शॉर्ट सर्किट होते, उष्णता निर्माण होते, त्या उष्णतेने नव्या अभिक्रिया सुरू होतात आणि त्या आणखी उष्णता देतात. हे चक्र मग थांबवता येत नाही.

बरोबर एक वर्ष आधी, १४ ऑगस्ट २००६ रोजी, डेल कंपनीने लॅपटॉपच्या ४१ लाख बॅटऱ्या परत मागवल्या होत्या. त्यांतील घट सोनीचे होते. कारखान्यात घटात शिरलेले धातूचे सूक्ष्म कण हे त्या दोषाचे कारण होते. असा कण बाहेरून दिसत नाही. कोणता घट बिघडेल हे निर्मात्यालाही सांगता येत नाही. तो कोठे आणि केव्हा बनला एवढेच त्याला ठाऊक असते. म्हणून संशयितांची यादी क्रमांकांवरून करावी लागते.

नोकियाच्या बॅटरीवर हा क्रमांक २६ अक्षरांचा होता. मागचे झाकण काढायचे, बॅटरी उलटी करायची, बारीक इंग्रजी अक्षरे वाचायची आणि ती संकेतस्थळावर भरायची. २००७ साली आपल्याकडे इंटरनेट किती घरांत होते? पण नोकिया ११०० सारखा बीएल-५सीवर चालणारा स्वस्त फोन रिक्षावाल्यापासून भाजीवालीपर्यंत सर्वांकडे होता. साहजिकच लोक सरळ सेवाकेंद्र गाठत. बीएल-५सी बनवणाऱ्या कंपन्या अनेक होत्या आणि एकूण ३० कोटींपैकी बहुतेक बॅटऱ्या यादीबाहेरच्या होत्या. रांगेत ताटकळून अनेकांना उत्तर मिळे, ‘तुमची चांगली आहे.’

उत्तर बरोबरच होते. वर्गात भागाकार करून पाहावा: ४ कोटी ६० लाखांत १००, म्हणजे साडेचार लाखांत सुमारे एक. पण फोन उशाशी ठेवून झोपणाऱ्याला या भागाकाराने धीर येत नाही. आमच्या मते इथे घाबरटपणाला दोष देणे चुकीचे आहे. तपासणीचे काम कारखान्याकडून ग्राहकाकडे आले होते, आणि त्याच्या हाती साधन होते ते फक्त डोळ्यांचे.

निदान ती बॅटरी नखाने उचकटून काढता तरी येत होती. २०१६ साली सॅमसंगच्या गॅलक्सी नोट ७ ला आगी लागल्या, तेव्हा बॅटरी फोनमध्ये बंदिस्त असल्याने सुमारे २५ लाख अख्खे फोन परत मागवावे लागले. बदलून दिलेल्या फोनमध्ये दुसऱ्या पुरवठादाराची बॅटरी होती, तेही पेटले. जानेवारी २०१७ मध्ये कारणे जाहीर झाली. पहिल्या बॅटरीत कोपऱ्यात जागा कमी पडून ऋण अग्र वाकत होते, तर दुसरीत वेल्डिंगचे टोकदार अवशेष राहिले होते. एकाच फोनमध्ये दोन स्वतंत्र दोष निघाले, हे विलक्षणच!

डिसेंबर २०१७ मध्ये ॲपलवर लोक संतापले ते वेगळ्या कारणाने. जुन्या झालेल्या बॅटरीचा अंतर्गत रोध वाढतो आणि एकदम जास्त प्रवाह मागितला की फोन बंद पडतो. हे टाळण्यासाठी कंपनीने आयफोनचा वेग कमी केला होता, पण तसे स्पष्ट सांगितले नव्हते. अनेकांनी फोनच म्हातारा झाला असे समजून नवा घेतला असणार. कंपनीने माफी मागितली आणि २०१८ सालापुरती बॅटरी बदलण्याची किंमत ७९ डॉलरवरून २९ वर आणली. पुढे युरोपीय संघाने २०२३ च्या नियमांत असे ठरवले, की अशा उपकरणांची बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता आली पाहिजे. या तरतुदीसाठी १८ फेब्रुवारी २०२७ ही तारीख मुक्रर केली गेली.