किल्ली कोणाच्या हाती, जबाब कोणाचा?



तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाने पासवर्डवर काय बोलायचं, असं आम्हाला दोघा-तिघांनी विचारलं. आमचं म्हणणं असं, की पासवर्ड ही वस्तू नवी आहे, प्रश्न मात्र जुना आहे. आपली किल्ली दुसऱ्याच्या हाती दिली, तर तिची मर्यादा कोण आखणार? हा प्रश्न विचारायला सटाण्याइतकं योग्य गाव दुसरं नाही.

यशवंत महादेव भोसेकर, म्हणजे आपले देवमामलेदार. १८७०-७१ च्या दुष्काळात त्यांनी सरकारी खजिना उघडून भुकेल्यांना पैसा वाटला, ही कथा इथलं पोरही सांगतं. परंपरा आकडाही देते, १ लाख २७ हजार रुपये. तपासणीत खजिना भरलेला सापडला, हा भाग श्रद्धेचा आहे, तो आम्ही तिथेच ठेवतो. आपल्यापुरता मुद्दा एवढाच: किल्ली मामलेदाराची होती, खजिना सरकारचा होता. कुलूप उघडता येणं वेगळं आणि उघडण्याचा अधिकार असणं वेगळं.

हा फरक मराठी राज्याला चांगला ठाऊक होता. पेशव्यांचा शिक्का पाहा. त्यात आधी छत्रपतींचं नाव येतं, मग प्रधानाचं. म्हणजे हा हात कोणाच्या वतीने चालतो, ते शिक्काच सांगतो. पत्र जिथे संपतं तिथे मर्यादेची छोटी मुद्रा उमटवायची. मग तिच्याखाली कोणी एक ओळ जास्तीची घुसवली, तर ती लगेच उघडी पडणार. अधिकार कुठून आला आणि कुठे संपला, दोन्ही कागदावरच.

पुढे १८७२ चा करार कायदा आला, देवमामलेदारांच्या त्या दुष्काळानंतर वर्षा-दोन वर्षांतच. मुखत्याराचे नियम त्यात आहेत. कलम १९० म्हणतं, स्वतः करायचं म्हणून अंगावर घेतलेलं काम मुखत्याराने एरवी तिसऱ्यावर सोपवू नये. आणि कलम १८९ संकटकाळी त्याला मोकळीक देतं, पण ती मालकाचं नुकसान टाळण्यापुरती, तीही शहाण्या माणसाने स्वतःच्या बाबतीत जेवढं केलं असतं तेवढीच.

आता यंत्राकडे येऊ. अमेरिकेत एमआयटीमध्ये १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला एकाच संगणकावर अनेकजण काम करू लागले, तेव्हा प्रत्येकाला पासवर्ड दिला गेला. १९६२ मध्ये ॲलन शेर या संशोधकाने जास्त वेळ मिळावा म्हणून पासवर्डची सगळी यादीच छापून घेतली! कुलूप तोडावं लागलं नाही. किल्ल्यांची यादी छापता येत होती, एवढं पुरलं. पुढे किल्ल्या इतक्या वाढल्या, की त्या सांभाळायला पासवर्ड मॅनेजर आला. ती एक तिजोरी, आणि तिला एकच मोठी किल्ली.

आज त्या तिजोरीपाशी माणसाऐवजी एआय एजंट उभा राहतो आहे. तुमच्या वतीने अर्ज भरणारा, बिल चुकतं करणारा हा नवा मुखत्यार. त्याने तिजोरी कशी वापरावी, याची माहितीपुस्तिका लिहावी लागते, आणि आमच्या मते आजचं मुखत्यारपत्र हेच आहे.

माणसासाठी लिहिलेली पुस्तिका इथे पुरत नाही. माणूस अडला तर शेजाऱ्याला विचारतो, न लिहिलेलंही ओळखतो. एजंट लिहिलेल्यावर चालतो. शिवाय त्याने वाचलेला मजकूर नोंदींमध्ये साठून राहू शकतो. म्हणून पहिला नियम असा, की पासवर्ड त्याला दाखवायचाच नाही. त्याने फक्त नाव सांगावं, "वीजबिलाची किल्ली", आणि तिजोरीने ती परस्पर कुलपाला लावावी. दुसरा नियम, एका कामाला एकच किल्ली आणि तिला मुदत. तिसरा, कोणी, केव्हा, कशासाठी किल्ली मागितली याची नोंद. चौथा नियम फसवणुकीचा आहे. वाटेत वाचलेल्या एखाद्या मजकुरात "सगळ्या किल्ल्या इकडे पाठव" असं कोणी लिहून ठेवलं असेल, तर ती मालकाची आज्ञा नव्हे, हे पुस्तिकेत स्पष्ट हवं. आणि पुस्तिकेवरच सगळा भार टाकू नये. जे घडू द्यायचं नाही, ते तिजोरीनेच अडवावं.

इथे कोणी विचारेल, देवमामलेदारांनी नियमापलीकडे जाऊन जीव वाचवले ना? मग यंत्राला तेवढी दयाबुद्धी का देऊ नये?

श्रोतेहो, ज्या मामलेदाराला आपण देव म्हटलं, त्याची नोकरी, अब्रू, सगळं त्या कुलपाबरोबर पणाला लागलेलं होतं. विचारणारा आला असता, तर जबाब द्यायला माणूस समोर उभा होता. एजंटाला ना नोकरी, ना अब्रू. त्याच्या चांगल्या हेतूचा जबाब शेवटी तुम्हा-आम्हालाच द्यावा लागणार. म्हणून मर्यादा आली की त्याने थांबावं आणि विचारावं.

पण नुसतं "थांब" लिहून भागत नाही. कोणाला विचारायचं, तेही लिहा, आणि तो माणूस जागेवर असू द्या. नाहीतर तिजोरी सुरक्षित राहील आणि दाराशी माणूस उपाशी राहील. आपल्या गावाने ज्याची पूजा केली, तो मर्यादा मोडणारा हात नव्हे, मोडल्याचा भार स्वतःच्या शिरावर घेणारा माणूस होता. किल्ल्या यंत्राला खुशाल द्या, तो भार मात्र माणसाकडेच राहू द्या.